सडपातळ देहातील छुपा मेद

(रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



हृदयविकारासारख्या विषयावर बोलण्यासाठी डॉक्टरांऐवजी एका पत्रकाराला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी साहित्य आणि इतिहास हे माझे विषय. परंतु बातमीदारीच्या निमित्ताने गेली तीसएक वर्षे मी या किनाऱ्यावर हिंडतो आहे आणि या काळात मी असंख्य निधनवार्ता लिहिल्या आहेत. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन' हे शब्द आता हात आपोआप लिहितो. त्यापुढील वयाचा आकडा मात्र हळूहळू खाली येताना दिसला. पूर्वी तो साठ-पासष्टच्या पुढे असे, आता पंचेचाळीस-पन्नास असला तरी संपादक भुवई उंचावत नाहीत. आणि घरी भेटायला गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते : "अहो, अंगावर मांस म्हणून नव्हते हो त्यांच्या! काटक माणूस!"

आजचे माझे बोलणे या काटक माणसाविषयी आहे. लठ्ठ माणसाला सगळे जग सावध करीत असते. घरचे टोकतात, डॉक्टर रागावतात, शिंपी हसतो. बारीक हातापायांच्या आणि थोडेसे पोट असलेल्या माणसाला मात्र कोणी काही म्हणत नाही. उलट 'खात्यापित्या घरचा दिसतो' अशी पावतीच मिळते. आपल्या समाजात असा माणूसच अधिक आहे.

प्रथम हा केवळ माझ्या वहीतला भास नाही हे सांगायला हवे. 'इंटरहार्ट' नावाचा एक मोठा अभ्यास ५२ देशांत झाला आणि २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती २००७ मध्ये स्वतंत्रपणे मांडण्यात आली. हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यम वय अन्य देशांत सुमारे ५९ होते, आपल्याकडे ५३. म्हणजे सहा वर्षे अलीकडे. सहा वर्षांत मुलीचे लग्न होते, मुलाचे शिक्षण पुरे होते, घराचे कर्ज फिटते. ज्या वयात संसाराला माणसाची सर्वाधिक गरज, त्याच वयात हा घाला पडतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. झटक्याचा धोका वजन आणि उंचीच्या गुणोत्तरापेक्षा कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरावरून अधिक चांगला ओळखता येतो.

असे का व्हावे, याचा उलगडा होण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे आणि त्याची कथा मोठी रंजक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे सहकारी. २००४ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा : २२.३. तक्त्यानुसार दोघेही 'सामान्य'. परंतु यंत्राने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या देहात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! एकच काटा, एकच आकडा, आणि आत दुपटीहून अधिक मेद. हा फरक केवळ वंशाचा नाही, याचीही प्रांजळ कबुली त्यांनी तेथेच दिली होती. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यासाठी धावणे. स्वतःच्याच पोटाचे उदाहरण जगापुढे ठेवण्याचा हा मोकळेपणा मला फार भावला. आपल्याकडे विद्वान मंडळी सहसा दुसऱ्याच्या पोटाकडे बोट दाखवतात.

मग हा मेद येतो कोठून? याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाचा माग काढीत थेट आईच्या उदरापर्यंत गेले. १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. त्यातून जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान; परंतु त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. बारीक, तरीही मेदयुक्त! ही बाळे मोठी झाली, तेव्हा अठराव्या वर्षी त्यांतील ६१९ जणांची तपासणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर होती, आणि त्याच वेळी या मुलामुलींपैकी ४८ टक्के कमी वजनाची होती. अठरा वर्षांचा, शेतात राबणाऱ्या घरातला, हाडे दिसणारा मुलगा आणि साखर वाढलेली. 'बारीक म्हणजे निरोगी' या समजुतीला यापेक्षा मोठे उत्तर काय हवे?

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट आपल्या शाकाहारी कुटुंबांनी ऐकावी अशी आहे. या खेड्यांतील सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मेद आणि इन्सुलिनला होणारा विरोध अधिक होता. शाकाहार सोडा असे याचे तात्पर्य काढू नये. दूध, दही, ताक यांतून काही प्रमाणात ब-१२ मिळते, आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेण्यात कोणताही धर्म बुडत नाही. सुनेच्या गरोदरपणात तिच्या ताटाकडे लक्ष देणे म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या एका हृदयाकडे लक्ष देणे आहे.

आता पोटातील चरबीकडे वळू. चरबी दोन ठिकाणी साठते. एक त्वचेखाली; चिमटीत धरता येते ती. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीमागे, आतड्यांभोवती, यकृताच्या आसपास. आतड्यांवर पडद्यासारखी पसरलेली जी वपा, तिच्यात ती भरते. ही चिमटीत येत नाही. म्हणूनच अशा माणसाचे पोट लोंबत नाही. ते टणक, पुढे आलेले, मडक्यासारखे दिसते.

या दोन चरबींच्या स्वभावात किती अंतर आहे, याची दोन उदाहरणे देतो. जपानचे सुमो पहिलवान दीड-दीडशे किलोचे असतात. जपानी संशोधकांनी त्यांच्या पोटाची सीटी स्कॅनने पाहणी केली, तेव्हा सराव चालू असलेल्या पहिलवानांची चरबी बहुतांशी त्वचेखाली आढळली. आतली चरबी अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी, आणि रक्ताचे अहवालही बरे. व्यायाम थांबला की हे चित्र पालटते. दुसरे उदाहरण अमेरिकेतील. २००४ साली तेथे १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालून शस्त्रक्रियेने सुमारे ९ ते १० किलो चरबी काढली. पोट दिसायला सपाट झाले. परंतु रक्तदाब, साखर, इन्सुलिन, दाहाच्या खुणा, काहीही सुधारले नाही. आतली चरबी जागच्या जागी होती ना! जाहिराती पाहून त्या टेबलावर आडवे होण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग ही आतली चरबी करते तरी काय? आपण मेद म्हणजे तुपाचा डबा समजतो. भरून ठेवलेला, निमूट. विज्ञानाचीही फार काळ तीच समजूत होती. १९९३ मध्ये अमेरिकेत होतामिश्लिगिल आणि स्पीगेलमन यांनी दाखवून दिले की, मेदपेशी स्वतःच दाह निर्माण करणारे रसायन स्रवतात. पुढे २००३ मध्ये दिसले की, फुगलेल्या मेदात रक्तातल्या भक्षक पेशी येऊन ठाण मांडतात. या पेशींचे काम जंतूंना गिळण्याचे. येथे जंतू नसतात. असतात त्या अतिभाराने फुगून मरू लागलेल्या मेदपेशी. शरीर त्यांनाच जखम समजते आणि तेथे लढाई सुरू होते.

दाह आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. काटा रुतला की बोट लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत बरे होते. हा दाह हितकारक. पोटातला दाह मात्र ठणकत नाही, ताप आणत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो वर्षानुवर्षे धुमसतो. आतड्यांभोवतीचे रक्त प्रथम यकृताकडे जाते, त्यामुळे तेथून निघालेली रसायने आणि स्निग्ध आम्ले थेट यकृतावर जाऊन आदळतात. यकृतात चरबी साठते, ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, इन्सुलिनचे कोणी ऐकेनासे होते. यकृत 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' नावाचे एक प्रथिन रक्तात सोडते. आपल्या रक्ताच्या अहवालात 'एचएस-सीआरपी' असे लिहिलेले असते ते हेच. १ च्या आत असेल तर ठीक, ३ च्या वर असेल तर निखारा धुमसतो आहे असे समजावे. अर्थात साधी सर्दी किंवा दाढदुखी असली तरी हा आकडा वाढतो, म्हणून आजारपणात केलेल्या एका चाचणीवरून घाबरू नये.

हा दाह हृदयाच्या रोहिणीपर्यंत पोहोचतो तेव्हा खरा अनर्थ होतो. रोहिणीच्या अस्तरात कोलेस्टेरॉलचा थर असतो आणि त्यावर एक पातळ टोपण. दाह हे टोपण आतून पोखरतो. एके दिवशी ते फुटते, रक्ताची गाठ जमते आणि वाट बंद होते. थर मोठाच असला पाहिजे असे नाही. रोहिणी थोडीशीच अरुंद असलेल्या माणसालाही झटका येतो, तो यामुळे. 'मागच्याच महिन्यात पट्टीवर चालण्याची तपासणी केली होती, सगळे ठीक होते,' असे आपण ऐकतो त्यात खोटे काही नसते.

हृदयविकारात दाहाचा खरोखरच हात आहे की तो केवळ साक्षीदार आहे, याचा निकाल २०१७ साली एका मोठ्या प्रयोगाने लागला. झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाची चाचणी घेण्यात आली. कोलेस्टेरॉल होते तेवढेच राहिले, तरीही एका ठरावीक मात्रेत पुढील आघात १५ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मात्र वाढले, आणि ते महागडे औषध हृदयासाठी रूढ झाले नाही. दाह घटवण्याचा स्वस्त उपाय माणसाच्या पायांत आहे, त्याकडे मी येतोच.

तत्पूर्वी एक विषयांतर. असा विषय निघाला की, 'हे सगळे आपल्या ग्रंथांत आधीच सांगितले आहे' असे म्हणण्याचा मोह आपल्या मंडळींना होतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे उदर आणि नितंब कसे हलतात याचे वर्णन आहे, स्थूलतेपेक्षा कृशता बरी असा अभिप्रायही आहे. त्या निरीक्षणशक्तीचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु कृश दिसणाऱ्याच्या पोटातील दाह शोधण्याचे काम आपल्या काळातल्या पुण्यातील डॉक्टरांनी खेड्यापाड्यांत बाळे मोजून केले आहे. पूर्वजांच्या पुण्याईवर वंशजांनी मोजपट्टी टाकून देऊ नये. आणि लंबोदराचे पोट हे त्याचेच भूषण. पेणच्या मूर्तिकारांनी ते कितीही सुबक घडवले तरी भक्तांनी अनुकरण करण्याची ती गोष्ट नव्हे.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. थळ-किहीमपासून चौल-रेवदंड्यापर्यंतचे हे अष्टागर. नारळी-पोफळीच्या वाड्यांना रहाटाने पाणी काढणारी पिढी मी पाहिली आहे. पहाटे रहाट, मग शिंपण, माडावर चढणे, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात लावणी, बाजाराला पायी. कोळी बांधव वल्ह्यांनी होडी मारीत. अशा माणसाने दुपारी ढीगभर भात खाल्ला तर तो संध्याकाळपर्यंत घामातून निघून जाई. पुढे विजेचे पंप आले, होडीला इंजिन बसले, १९८० च्या दशकात थळला खताचा कारखाना आला, १९८९ मध्ये उरणजवळ न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, जमिनी विकून बंगले उभे राहिले आणि वाडीचा मालक कुठे कुठे बंगल्याचा राखणदार झाला. कष्ट कमी झाले याचे दुःख करणारा मी नाही. रहाट ओढणाऱ्या माणसाच्या पाठीचे हाल मी पाहिले आहेत. परंतु कष्ट गेले आणि भाताचा ढीग तसाच राहिला. वर भर पडली ती नाक्यावरच्या वडापावाची, पर्यटकांसाठी आणलेल्या रंगीत बाटल्यांची आणि दोनशे पावलांवरच्या दुकानात स्कूटरने जाण्याची. बारीक बांध्याच्या, कमी स्नायूंच्या देहात ही जादा भाकरी जाणार कुठे? त्वचेखालची जागा आपल्याकडे लवकर भरते, मग ती आत जाते.

स्त्रियांचे थोडे वेगळे. निसर्ग त्यांची चरबी आधी मांड्या-नितंबांत ठेवतो आणि ती तुलनेने निरुपद्रवी असते. पाळी थांबल्यावर मात्र ती पोटाकडे सरकते. पन्नाशीनंतर गृहिणी 'आता हे वयच असे' म्हणून सोडून देते. घरातल्या सर्वांच्या तपासण्या होतात, तिची राहते. आणि उपवासाविषयी न बोललेलेच बरे. साबुदाणा, बटाटा, तुपातले वेफर्स यांनी साजरी झालेली एकादशी पोटाला दिवाळीच वाटते.

आपण किती पाण्यात आहोत हे कळण्यासाठी पैसे लागत नाहीत. शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू नका. टेपला फसवून हृदय फसत नाही. पँटचा नंबर सांगू नका, कारण आपण पुरुष पँट पोटाखाली बांधतो आणि वीस वर्षे चौतीसच्या आनंदात राहतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी, स्त्रीची ८० च्या आत. टेप नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी कापा, ती दुमडून अर्धी करा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर सावध व्हा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वजनाच्या निकषावर २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ निघाले, पोटाच्या निकषावर ३९.५ टक्के. मधला फरक तो काट्याला न दिसणाऱ्या माणसांचा.

माझ्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक आहेत. उंची १६५ सेंमी, वजन ६१ किलो, निर्व्यसनी, गावात 'काडी' म्हणून ओळखले जाणारे. कंबर ९५. पहाटे तीनला छातीत जळजळ झाली, पित्त समजून त्यांनी सोडा घेतला आणि उजाडण्याची वाट पाहिली. वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा गेला.

ही उजाडण्याची वाट पाहणे आपल्या किनाऱ्यावर फार महागात पडते. श्रीवर्धनहून मुंबई दोनशेच्या घरात किलोमीटर. मुरुडहून अलिबाग पन्नासच्या आसपास, तेही वळणावळणांनी. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. शहरातल्या माणसाला झटका आल्यावर जो तास मिळतो, तो आपल्याला वाटेतच संपतो. म्हणून छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ अशी लक्षणे दिसली, तर १०८ ला फोन करावा आणि जवळच्या ज्या रुग्णालयात कार्डिओग्राम निघतो तेथे आधी जावे. मुंबईचा विचार नंतर. आणि म्हणूनच ही वेळ येऊ न देणे शहरवासीयांपेक्षा आपल्याला अधिक निकडीचे आहे.

उपायांबाबत आनंदाची गोष्ट अशी की, ही आतली चरबी जशी उपद्रवी तशीच चंचल आहे. व्यायाम सुरू केला की आधी तीच हलते. काटा तसूभर न हलताही कंबर घटू शकते, म्हणून महिनाभर चालून 'वजन उतरले नाही' म्हणत थांबू नये. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे, धाप लागेल पण बोलता येईल अशा गतीने चालावे. आपल्याला समुद्राची ओली वाळू फुकट मिळाली आहे, मुंबईकर त्यासाठी पैसे मोजून येतात. केवळ चालून भागत नाही, स्नायूही हवेत. कारण आपल्या बांध्याची मूळ उणीव तीच आहे. सूर्यनमस्कार, दंड-बैठका, पाण्याच्या बादल्या, जे जमेल ते. नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. तंबाखू आणि मिश्री यांविषयी वेगळे सांगायला नको. झोप सहा तासांच्या खाली येऊ देऊ नये.

आहाराबाबत २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीचा, दुसरा ऋजुता दिवेकर यांच्या थोड्या थोड्या वेळाने खाण्याच्या सल्ल्याचा. जावई एका पक्षात, सासू दुसऱ्यात. मला विचाराल तर भाताचा ढीग निम्मा करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुळीथ, वाल, मासळी, अंडे, ताक, पालेभाजी भरा; पक्ष कोणताही घ्या. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. वजन उतरवणारी इंजेक्शने आता आली आहेत. २०२३ मध्ये हृदयविकार असलेल्या सतरा हजारांवर लोकांवरील प्रयोगात त्यांतील एकाने पुढील आघात २० टक्क्यांनी कमी केले, हे खरे. ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नयेत.

माझे बोलणे झाले. मागच्या टेबलावर शिंप्याच्या दोन टेपा आणि सुतळीचा गुंडा ठेवला आहे. भगिनींसाठी आतल्या खोलीत आरोग्यसेविका आहेत. गावचे डॉक्टरही आले आहेत, तेव्हा औषधांचे प्रश्न मला न विचारता त्यांना विचारावेत. चहा नंतर आहे, बिनसाखरेचाही केला आहे. पण कंबर चहाच्या आधी मोजावी.